वळणावरची ओली पट्टी

विश्वास ठेवा, नका ठेवू. मागच्या जुलैत, म्हणजे आमच्या अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला ऐन हिवाळ्यात, उशुआया गावाच्या वरच्या घाटात, भर दुपारी हे माझ्यासमोर घडलं.

मी आणि माझ्याबरोबरचा तरुण ओविदिओ घाटात आळीपाळीनं मिठाची गाडी चालवायचो. बर्फ पडायच्या आधी रस्त्यावर दाट मिठाचं पाणी फवारायचं. मग बर्फ डांबराला चिकटत नाही.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात माझी बायको नेलिदा एका वळणावर घसरली. गाडीसकट दरीत गेली. त्या दिवशी फेरी ओविदिओची होती.

"फवारलं होतं काका, आईशप्पथ."

पण मी पोचलो तेव्हा वळण बर्फानं काचेसारखं चकाकत होतं...

तेव्हापासून एकच गोष्ट मला खाते. त्यानं खरंच फवारलं होतं का?

रस्त्यावर मेलेला माणूस तहानलेला राहतो, म्हणून आमच्याकडे त्याच्या क्रुसापाशी पाण्याच्या बाटल्या ठेवतात. त्या दुपारी मी मुद्दाम ओविदिओला घेऊन त्या वळणावर, नेलिदाच्या क्रुसापाशी थांबलो. मला त्याचा चेहरा बघायचा होता.

थंडी उणे नऊ. लोकांनी ठेवलेल्या बाटल्या दगड झाल्या होत्या.

माझी बाटली उचलली. आदल्याच दिवशी घरून साधं पाणी भरून आणून ठेवलेली.

आत पाणी डुचमळलं...

झाकण काढून जीभ लावली. खारं. कडवट. आमच्या टाकीतलं असावं तसं.

"हा चावटपणा तुझा ना?"

"तहानलेल्या बाईला मिठाचं पाणी पाजीन? एवढा हलकट वाटलो होय?"

"वाटतोस."

तो हसायला गेला... आणि थांबला. माझ्या पाठीमागे बघत होता.

मी वळलो.

वळणावरचा बर्फ विरघळत होता.

कसलाही आवाज नाही. फक्त एक ओली, काळी पट्टी. दरीच्या काठापासून निघालेली... आमच्या दिशेनं येणारी.

मी धावत जाऊन आमच्या गाडीच्या टाकीचा नळ बघितला. घट्ट बंद होता.

पट्टी ओविदिओच्या बुटांपाशी येऊन थांबली.

"काका, चला," तो पुटपुटला. "चला ना इथून."

दुसऱ्याच दिवशी त्यानं बदली मागितली.

"फवारलं होतंस ना?" मी विचारलं. "मग भितोस कशाला?"

"तुम्ही नाही भ्यालात?"

"भ्यालो. पण ती माझ्यापाशी नाही आली."

त्यानं पिशवी उचलली. निघताना हात मिळवला, तेव्हाही खालीच बघत होता.

नेलिदानं त्याच्याकडे बोट दाखवलं, की त्यानं फवारलं होतं हे दाखवून त्याची बाजू घेतली, अजून कळत नाही...

त्या वळणाची फेरी आता माझ्याकडे आहे. मी दोनदा फवारतो. तरी खाली उतरून रस्त्याला हात लावून बघतो.