तारांवरचा हात

आधीच सांगतो, हे खरं आहे. मला कुणाला पटवायचं नाही. पटत नसेल तर पुढं सरका, माझं काही अडलेलं नाही.

मी राजशेखर. उदगीरला किल्ल्याच्या रस्त्याला माझं साउंड रिपेरिंगचं दुकान. मागच्या वर्षी फेब्रुवारीतला गुरुवार. दुपारचे तीन. ना अमावस्या, ना मध्यरात्र. समोर रसवंतीचं घुंगरू वाजत होतं.

भार्गवी रिक्षातून उतरली. ॲम्प आत आणला, गिटार काउंटरवर ठेवली.

"काका, शनिवारी लातूरला गॅदरिंग हाय. मिक्सरला जोडलं की लई आवाज येऊन राहिला. आईनं सांगितलं, तुमच्याकडंच न्यायचं म्हणून."

गिटार बघितली अन् लगेच ओळखली.

ती संगमेश्वरची होती. भार्गवीच्या बापाची. माझ्या जिवलग दोस्ताची.

त्याच्या सात वर्षं आधी जळकोटला आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. ॲम्पची लाईन एकीकडून, मिक्सरची दुसरीकडून. दोन ठिकाणचं अर्थिंग असलं की स्पीकरमधून घूंऽऽ येते, जाता जात नाही. लोक खोळंबलेले. आयोजक डोक्यावर बसलेला.

आमच्या धंद्यात यावर एक झटपट इलाज आहे. प्लगची वरची जाड पिन म्हणजे अर्थिंग. ती मोडायची. घूं गप्प! सगळेच मोडतात. मीही पकडीनं मोडली.

पण ॲम्पच्या बॉडीत करंट उतरला, तर मग त्याला जायला वाट राहत नाही. तो गिटारच्या तारांपर्यंत येतो, अन् वाजवणारा माईकला टेकला की त्याच्या अंगातून वाट काढतो.

"राजा, जादू हाय रे तुझ्या हातात!" संगू म्हणाला. नेहमीसारखं तळव्यानं तारांवर दोनदा थोपटलं. ठप... ठप. मगच तो वाजवायचा. शाळेपासूनची सवय.

दुसऱ्याच गाण्याला त्याचे ओठ माईकला लागले...

सगळे धावले त्याच्याकडं.

मी धावलो प्लगकडं.

संगू जागेवरच गेला. पोलीस यायच्या आत मी नवा प्लग बसवला. वर सांगितलं, "हात ओले होते, साहेब. थोडी घेतलीपण होती." संगूनं आयुष्यात दारूचा थेंब शिवला नव्हता. शिवकन्यावहिनीला लोकांनी तेच ऐकवलं. बेवड्याची बायको म्हणाले तिला. मी गप्प बसलो. थू माझ्या जिंदगीवर.

आता त्याच ॲम्पला त्याची पोरगी हात लावणार होती.

"पाचच्या बसनं घरी परत जायचंय, काका."

"जा, रस पिऊन ये. तोवर करतो."

ॲम्प उघडला. बॉडीला टेकणारी जुनी वायर बदलली. मिक्सरला जोडून चालू केला. दोन आवाज आले. एक चरचर, एक घूं. फरक सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. चरचर तारांची असते. तारांना माणसाचा हात लागला की ती थांबते, हात काढला की परत येते. घूं अर्थिंगची असते. ती हात लावून जात नाही.

केबल बदलली. ट्यूबलाईट बंद केली. मोबाईल लांब ठेवला. दोन्ही प्लग एकाच बोर्डावर घेतले. काही फरक नाही. खरा इलाज म्हणजे ॲम्प अन् मिक्सरच्या मधे ट्रान्सफॉर्मरचा डबा; पिन न मोडता घूं जाते. तो माझ्याकडं नव्हता.

चार वाजून गेले.

अन्...

चरचर थांबली.

घूं चालूच होती. फक्त चरचर थांबली.

गिटार काउंटरवर. मी चार हात लांब. दुकानात कुणी नाही.

परत चरचर आली. परत थांबली.

जसं कुणी हात ठेवतंय... काढतंय... ठेवतंय.

जॅक ढिला असेल म्हणून हलवून बघितला. घट्ट होता. म्हटलं, घाई कर राजा, पोरीला वाटेला लाव.

मग मी काय केलं माहिताय? स्विच बंद केला. प्लग उघडला. अर्थिंगची वायर काढली. परत तेच! सात वर्षांनी, त्याच हातांनी.

चालू केलं. घूं गेली. चरचरही नाही. सगळं शांत.

त्या शांततेत स्पीकरमधून आलं...

ठप... ठप.

मी ओरडलोच. स्विच बंद केला, झटक्यात. वायर परत बसवली, स्क्रू आवळला. मग तिथंच फरशीवर बसून वहिनीला फोन लावला.

सगळं सांगितलं. पिन, नवा प्लग, दारूची थाप. रडलो.

ती रडली नाही.

"मला ठाऊक हाय, भाऊजी. कार्यक्रमाच्या आधी फोन आल्ता त्यांचा. म्हनले, राजानं पिन मोडली, आता लई साफ आवाज येतोय. सात वर्सं वाट बघितली, तुमी येऊन सांगाल म्हनून."

"मग... पोरीला माझ्याकडं का पाठवलं?"

"परत तेच करता का, ते बघाया."

मी प्लगकडं बघितलं.

"घाबरू नका," ती म्हणाली. "प्लग उघडून बघितल्याबिगर म्या तिला हात लावू देनार नव्हते. मिस्त्री बोलावून ठिवलाय घरी. आता एकच सांगा. आज काढली हुती का वायर?"

ॲम्प बंद होता. प्लग माझ्या मांडीवर होता. वायर जागेवर होती. कुणाला कळणार होतं?

"न्हाई, वहिनी," मी म्हणालो. "आईशप्पथ न्हाई."

ठप... ठप.

बंद ॲम्पमधून.

फोनवर वहिनीनंही ऐकलं. म्हणाली,

"ह्यांचा आवाज वळखते मी, भाऊजी."

अन् फोन ठेवला.

भार्गवी ॲम्प घेऊन गेली. मधे डबा लावून वाजवलं म्हणे शनिवारी, छान वाजवलं. वहिनी रस्त्यात दिसली तर तोंड फिरवते. पोलिसांकडं जायला अजून माझे पाय उचलत नाहीत.

माझ्या दुकानात आता गिटार नाही. मी घेतच नाही रिपेरीला.

तरी दुपारी कुणी गिऱ्हाईक विचारतं, "पक्कं झालं ना काम?" अन् मी "हाव" म्हणणार असतो...

तेव्हा मी आधी कान देऊन थांबतो.