आधारनानांचा ग्लास

ही घडलेली गोष्ट आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी पिंप्राळ्यात जाऊन सपनाला विचारावं. ती सांगणार नाही. पण तिचा चेहरा सांगेल.

जागा पाळधीच्या पुढे, महामार्ग सोडून आत. केळीच्या बागांमधली एक छोटी वायनरी.

रात्र नव्हती. भर दुपार होती. मार्चचं ऊन, आणि एसीची घरघर.

आधी बघा

सपना आलेल्या पाहुण्यांना केळीची वाईन चाखायला शिकवायची. आधी बघा, मग ग्लास फिरवा, मग वास घ्या, मग घोट घ्या. हे तिला मालकाने, ललितने, पढवलं होतं. नोकरीही त्यानेच दिली. कारण तिचे वडील, आधारनाना, तिथेच मेले होते.

टाकी धुवायला आत उतरले. वर आले नाहीत.

पिऊन उतरला होता, असं ललितने पोलिसांना सांगितलं.

नाना पीत नव्हते. रोज सकाळी पंचशील म्हणणारा माणूस. पण वस्तीतल्या लोकांना हसायला कारण मिळालं. वाईनच्या कारखान्यात कामाला आणि पीत नव्हता? दुधाच्या डेअरीत मांजर उपाशी राहतं का?

ऐकून ऐकून सपनाची आई, नर्मदाबाई, नवऱ्याचं नाव घेईनाशी झाली. भिंतीवर बुद्धांच्या फोटोशेजारी नानांचा फोटो होता. त्याकडे बघणंही तिने सोडलं.

सपनाला एकच हवं होतं. ललितने चार माणसांसमोर म्हणावं, आधार प्यायलेला नव्हता.

तेवढ्यासाठी ती तिथे टिकून होती.

मग फिरवा

पहिल्यांदा बोलले ते सुरतेचे रतिलालभाई. टाक्यांचं दालन पाहुणे आपले आपणच फिरून बघत. ते बघून आले, खुर्चीत टेकले आणि म्हणाले, तुमचे ते काका फार प्रेमाने समजावतात.

कोणते काका, सपनाने विचारलं.

"टाकीपाशी उभे असतात ना, पांढऱ्या सदऱ्यातले. बिचाऱ्यांना एक स्टूल तरी द्या."

सपना दालनात गेली.

कोणी नव्हतं.

स्टीलच्या टाक्या एका रांगेत. ओली फरशी. ती परत वळली, तेवढ्यात शेवटच्या टाकीतून... कोणीतरी आतून नखाने पत्रा खरवडला.

एकदाच.

टाकी रिकामी होती. नानांची टाकी.

> *पाच तारे. वाईन जरा गोड वाटली. गाईड काका एक नंबर. आम्ही आग्रह केला तरी त्यांनी घोटभरही घेतली नाही. आपल्याला चालत नाही म्हणाले.*

कुणा पाहुण्याने लिहिलेलं हे तिने मोबाईलवर वाचलं. पुन्हा वाचलं. मग मोरीत जाऊन तोंड धुतलं.

ललितनेही वाचलं. गाईड कोण, हे त्याने विचारलं नाही. पाच तारे बघून खूश झाला.

मग वास घ्या

वास नसतो. केळी आंबताना जो वायू निघतो त्याला वासही नाही आणि रंगही नाही. जड असतो, टाकीच्या तळाशी बसून राहतो. पूर्वी नाना विहिरी उपसायला जायचे. तिथली सवय त्यांनी इथेही सोडली नव्हती. डब्यात पेटती मेणबत्ती ठेवून दोरीने खाली सोडायची. विझली तर उतरायचं नाही.

धुळ्याहून निवृत्त शिक्षिका कामिनीताई मैत्रिणींना घेऊन आल्या. ललित त्या दिवशी सकाळपासून काउंटरवरच होता, जागचा हलला नव्हता. बायका टाक्या बघून हसत हसत परतल्या.

कामिनीताई ललितला म्हणाल्या, नाटक छान बसवलंय. काकांनी दोरीने मेणबत्ती आत सोडली. ती विझली. त्यांनी मागे वळून विचारलं, साहेब विझली, उतरू का?

"आणि तुमचा आवाज आला," कामिनीताई म्हणाल्या. "उतर रे, पाहुणे येऊन बसलेत. आम्ही मागे बघतो तर तुम्ही नाहीच. कुठे लपला होतात?"

एसीची घरघर थांबली. वीज गेली नव्हती. दिवे चालू होते.

ललितच्या चेहऱ्याचा रंग उडाला. सपनाने ते पाहिलं. बाटली खाली ठेवून ती पुढे झाली.

"सर, आता सांगा. यांच्यासमोर सांगा. नाना पीत नव्हते."

ललितने एक श्वास घेतला. आणि... हसला.

म्हणाला, ताई, आमच्याकडे भूत आहे. जुना कामगार. मोठा शौकीन माणूस, पिऊनच टाकीत पडला. जाताना त्याच्यासाठी एक ग्लास ठेवून जा, त्याला बरं वाटतं.

बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मग घोट घ्या

तेव्हापासून पाहुणे टाकीपाशी ग्लास ठेवून जाऊ लागले. फोटो काढू लागले. ललितने तिकीट वाढवलं.

सपना नोकरी सोडणारच होती. पण सकाळी कुलूप तीच उघडायची. आदल्या संध्याकाळचा ग्लास तिला रोज दिसायचा.

भरलेला.

काठोकाठ, जसाच्या तसा. गोड वाईन, तरी मुंगीसुद्धा नाही.

तिला हसू आलं. रडूही आलं. नाना अजून पीत नव्हते. ललित काय म्हणतो याला आता किंमत नव्हती. एका माणसाने बघितलं की पुरे होतं.

आई यायला तयार नव्हती. सपनाने हातापाया पडून तिला स्कूटीवर बसवलं. सकाळी कुलूप काढलं. आईचा हात धरून टाकीपाशी नेलं.

ग्लास होता.

रिकामा.

सांडलेलं काही नव्हतं. तळाशी एक थेंब. काठावर ओठांचा ठसा... ओला.

आईने ग्लास उचलला. नाकाशी नेला. हळूच खाली ठेवला.

"बठ्ठा लोके खरंच सांगत व्हतात," ती म्हणाली. सगळे लोक. वस्तीतले, हसणारे.

सपना बोलत राहिली. ललितकडे दुसरी किल्ली असेल, कोणीतरी मुद्दाम केलं असेल. आई महामार्गाकडे चालू लागली होती. स्कूटीवर बसली नाही. रिक्षाने गेली.

सपना संध्याकाळी घरी पोचली तेव्हा बुद्धांच्या फोटोशेजारी नुसता खिळा होता.

आता सांगा, कसं वाटलं?

दुसऱ्या सकाळी ग्लास भरलेला होता. तिसऱ्याही. त्यानंतर रोज.

दुसरी किल्ली नाही, असं ललित शपथेवर सांगतो. त्याच्या शपथेची किंमत सपनाला माहीत आहे. त्यानेच प्यायली असेल, असं ती स्वतःला बजावते. त्याने प्यायलेली तिला परवडेल.

पण तो ओठांचा ठसा तिने जवळून पाहिला होता. नानांचा वरचा ओठ मधोमध फाटलेला होता. जन्मापासून.

परक्या माणसांना नानांनी सगळं सांगितलं. सुरतेच्या माणसाला, धुळ्याच्या बायकांना. आणि जिला सांगायचं तिच्यासमोर...

का?

वायनरी चालू आहे. ग्लास रोज ठेवला जातो. सकाळी भरलेला असतो.

सपना आईला पुन्हा चल म्हणत नाही. भुताची भीती तिला नाही. आई येईल, आणि ग्लास पुन्हा रिकामा असेल... याची आहे.