जागा रिकामी नाय

चंद्रकांता पालघरला गेली ती आपलं घर नव्या रस्त्यात जातंय की काय, एवढंच बघायला. गावात तशी बोलवा होती. बघायचं सोपं आहे म्हणे, जमिनीचे नकाशे आता इंटरनेटवर असतात. गट नंबर टाकला की कुणी कुठल्या जागेवर काय बांधायचा अर्ज केलाय ते लाल ठिपक्यासकट समोर येतं. पण जन्मभर सुके बोंबील विकलेल्या बाईला ते कुठून जमणार? म्हणून ती पालघरच्या कोळगावातल्या सरकारी कचेऱ्यांच्या बाजूच्या दुकानात जाऊन बसली. तिथं हेमाली नावाची मुलगी लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते.

घर सुखरूप होतं. चंद्रकांतानं पिशवी उचलली, तेवढ्यात हेमालीच्या हातून नकाशा जरा सरकला आणि किनाऱ्यालगत, सुरूच्या झाडांपाशी, एक लाल ठिपका दिसला.

ती जागा त्यांच्या गावातल्या, दातिवऱ्याच्या प्रत्येक बाईला ठाऊक. बारशाच्या आत गेलेली तान्ही पोरं तिथं वाळूत ठेवतात. नाव पडलेलं नसतं, त्यामुळे दगड नाही, पाटी नाही, काही नाही. जमीन बळवंतबाबांची. त्यांनी ती नुसत्या शब्दावर गावाला सोडली होती, कागद केला नव्हता. बाबा गेले आणि सातबाऱ्यावर नातवाचं, चिरागचं नाव लागलं. चंद्रकांताची पहिली पोरगी नऊ दिवसांची होऊन गेली, ती चौतीस वर्षं तिथंच आहे.

हेमालीनं ठिपका उघडला. अर्जदार चिराग. पर्यटकांसाठी बारा खोल्या बांधायच्या होत्या. जागेची सद्यस्थिती : रिकामी, पडीक. आलेल्या हरकती : एकही नाही. हरकतीची मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत.

पडीक! आता तुम्हीच सांगा, कुणाचं टाळकं फिरणार नाही? चंद्रकांताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उद्या पाया खणतील, मशीनच्या दातांना काय लागतंय ते कोण बघणार? तिनं तिथूनच चिरागला फोन लावला. तो बोईसरला कारखान्यांना मजूर पुरवतो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, वर हसला. म्हणाला, काकी, वाळू हाय तिथं, दुसरं काय हाय? तुमच्या धाकट्यालाबी कामाला लावतो की.

त्या हसण्यानं घात केला.

"तुजंबी एक तिथं नेऊन ठेवायची पाळी येईल ना चिराग," ती म्हणाली, "तेवा कळेल तुला काय हाय तिथं."

पलीकडून फोन कट झाला. चिरागच्या बायकोला, रूपलला, सातवा चालू होता. गेल्याच आठवड्यात तिची ओटी चंद्रकांतानं स्वतःच्या हातानं भरली होती. पण राग चढला की जिभेला हाड राहत नाही. तेव्हा तरी तिला त्याचं काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं.

मग ती हरकत लिहायला बसली. जमिनीशी आपला संबंध काय, असं अर्जात विचारलं होतं. ती म्हणाली, लिही, माजी पोरगी हाय तिथं. हेमालीनं पोरीचं नाव विचारलं. चंद्रकांतानं नुसती मान हलवली. वय विचारलं, तेव्हा नऊ दिवस म्हणाली. हेमालीनं नावाची जागा कोरी ठेवली आणि बटण दाबलं.

पान फिरलं. हरकती : एक, असं दिसायला हवं होतं. चव्वेचाळीस दिसत होत्या.

हेमालीनं पान पुन्हा उघडलं. चव्वेचाळीसच. नावाचा रकाना सगळीकडे कोरा. वय तीन दिवस, अकरा दिवस, एक दिवस, सहा दिवस... बारा कुणाचंच नाही. पुढे आईचं नाव. पुष्पलता. विजया. चंद्रकांता एकेक नाव वाचत गेली. यातल्या निम्म्या बायका कधीच्या सरणावर गेल्या होत्या. आणि हेमालीनं जी जी ओळ उघडली तिथं कारण एकच : जागा रिकामी नाय.

"मावशी, हे मी नाही लिहिलं," हेमाली हळूच म्हणाली. "मी 'नाही' लिहिते..."

दुकानात कसलासा वास भरला होता. तान्ह्या पोराच्या तोंडाला येतो तसा, दुधाचा, आंबूस. दुपारचे अडीच, बाहेर रिक्षांची ये-जा चाललेली, आणि आत दोघींना श्वास मोठ्यानं घ्यायची भीती वाटत होती.

शेवटची ओळ चंद्रकांतानं वाचली. वय, शून्य दिवस. आईचं नाव, रूपल. कारण बघायचा धीर झाला नाही. तिनं पदरानं पडदाच झाकला.

तिनं चिरागला परत फोन केला. या वेळी आवाज चढवला नाही, पाया पडते म्हणाली. तो मोटरसायकलवरून तासाभरात आला, धुमसतच. काकीनं पैसे चारून खोट्या हरकती भरल्या, असं दारातूनच बडबडत होता. मग यादी वाचताना त्याचं बोट मध्येच थांबलं. एका ओळीवर आईचं नाव रखमाबाई होतं. त्याची आजी. बळवंतबाबांनी जमीन का सोडली, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटच्या ओळीवर आला तेव्हा त्यानं अर्ज मागे घ्यायला सांगितलं. हेमालीनं विचारायच्या आधीच त्यानं फोनवर आलेला ओटीपी सांगितला. अर्ज मागे घेतला गेला. नकाशावरचा लाल ठिपका विझला. हरकतींपुढे वरपासून एकेक शब्द उमटत गेला : निकाली, निकाली, निकाली. त्रेचाळीस झाल्या. शेवटची तशीच राहिली, प्रलंबित.

"काकी... बोललात ते मागं घ्या."

"घेतलं."

"मोठ्यानं बोला."

"घेतलं रे. माजी जीभ झडो, घेतलं." ती स्वतःच्याच तोंडावर मारत होती, आणि त्यातही तिला त्याचा राग येत होता. मघाशी हा हसला नसता तर? साडेतीनला ऐकतोस, मेल्या, दोनला ऐकलं असतंस तर? चिरागचा हात धरून ती हे सगळं बोलली.

हेमालीनं पान पुन्हा उघडलं. पुन्हा एकदा. प्रलंबितच. हरकत मागे घ्यायचा अधिकार फक्त हरकतदाराला, असं खाली बारीक अक्षरात आलं होतं.

"कारण बघ त्याचं," चिराग म्हणाला.

हेमालीनं चंद्रकांताकडे पाहिलं, मग ओळ उघडली. बाकीच्यांसारखं तिथं लिहिलेलं नव्हतं. वेगळं होतं.

माझी जागा ठेवा.