एकाच वेळी दोन ठिकाणी

तारांगणाच्या घुमटाखाली तिने पाऊल टाकलं आणि समोर काहीच दिसेना. म्हणून तिने सवयीने भिंत चाचपली आणि हाताला लागलेलं बटण दाबलं.

लख्ख उजेड पडला. पाठोपाठ वरून कुठूनतरी एक लांब सुस्कारा ऐकू आला.

"कोण आहे?" आवाज शांत होता... पण तो तसा ठेवायला आवाजाच्या मालकाला बरेच कष्ट पडले असावेत.

तिने मान वर केली. घुमटाच्या बरोबर मध्ये, मचाणावर, एक तरुण डोळ्यांवर हात आडवा धरून बसला होता. शेजारी प्रोजेक्टरचा मोठा गोळा होता.

"मी प्लॅनर. म्हणजे... या सगळ्या कामाचं वेळापत्रक मी करते," ती म्हणाली. "आज इथे घुमटाच्या पत्र्यांचे सांधे तपासायचं काम चालू असायला हवं. त्याला उजेड लागतो."

"लागतो," त्याने मान्य केलं.

"मग अंधार कशाला?"

"आजच प्रोजेक्टर जुळवायचाय. त्याला अंधार लागतो." त्याने हात खाली घेतला. डोळे मिचकावत तो तिच्याकडे बघायला लागला. "दोन्ही कामं माझीच आहेत. तुमच्या वेळापत्रकात मी आत्ता दोन ठिकाणी आहे. म्हटलं, निदान एका ठिकाणी तरी हजेरी लावू."

तिला हसू आलं आणि लगेच स्वतःचाच राग आला. "मी दिवा लावला त्याने बरंच नुकसान झालं का?"

"सकाळ गेली," तो म्हणाला. मग तिचा पडलेला चेहरा बघून त्याने घाईघाईने जोड दिली, "जाऊ दे. ती उद्या परत येते."

जुनं तारांगण नव्याने उभं राहत होतं. उघडण्याची तारीख ठरली होती, शाळांच्या सहलीही ठरल्या होत्या. प्रोजेक्टर, घुमट, ध्वनियंत्रणा आणि शेवटी कर्मचाऱ्यांना शिकवणं, हे सगळं जाणणारा माणूस मात्र एकच होता. बाकीचे त्याला 'तारेवाला' म्हणत. दारावरच्या नव्या पहारेकऱ्याने तर पहिल्याच दिवशी त्याला वायरिंग करणारा समजून बंद पडलेल्या घंटीकडे पाठवलं होतं. त्याने ती निमूटपणे दुरुस्त करूनही दिली होती.

ऑफिसात येऊन तिने कॉम्प्युटर उघडला. तिच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक कामाची एक आडवी पट्टी असे आणि माणसावर झेपेल त्याहून जास्त काम पडलं की त्याचं नाव लाल होई. तारेवाल्याचं नाव लालभडक होतं. कसं दिसलं नाही आपल्याला? प्रत्येक कामाला त्याचा सगळा दिवस देऊन टाकला होता तिने, जणू त्याच्याकडे दिवसांचं कोठार होतं.

ओझं आपोआप सारखं करून देणारं एक बटण होतं. तिने ते दाबलं. प्रोग्रॅमने कामं एकापुढे एक रांगेत लावली, लाल रंग गेला... आणि उद्घाटनाची तारीख मागे टाकून पट्ट्या सरळ पुढच्या महिन्यात जाऊन पोचल्या. तिने ते रद्द केलं. मग अर्धा दिवस इकडे, अर्धा दिवस तिकडे करून पाहिलं. कामं जोडीने चालली खरी, पण दोन्ही दुपटीने लांबली.

दुसऱ्या दिवशी ती परत घुमटाखाली गेली. या वेळी दारातूनच हाक मारली.

"आत येऊ का? बटणाला हात लावत नाही."

"या. डावीकडून, खुर्च्यांना धरून," तो वरून म्हणाला.

"अर्धा दिवस अंधार आणि अर्धा दिवस उजेड, असं चालेल तुम्हाला?"

"चालायला काय... पण उजेडातून आलं की डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. प्रोजेक्टरही तापू द्यावा लागतो. ते होईपर्यंत माझा अर्धा दिवस संपलेला असेल."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत. कोणीच विचारत नाही. काम हातात ठेवतात, मी हो म्हणतो."

ती खुर्चीत बसली. "आता विचारते. तुमचा सगळा दिवस सांगा."

तो सांगत गेला आणि काम करत गेला. वर घुमटावर एक तारा होता, पिठाच्या डागासारखा पसरलेला. त्याने कुठला तरी स्क्रू केसभर फिरवला आणि तो डाग आवळत आवळत सुईच्या टोकाएवढा झाला. मग दुसरा तारा, तिसरा... एकेका ताऱ्यापाशी तो इतक्या मायेने थांबत होता की जणू त्या एकट्यासाठीच तो एवढ्या उंच चढला होता. घुमटाबाहेर पाऊस लागला होता, त्याची बारीक टिपटिप छपरावरून ऐकू येत होती.

"तुम्ही आहात ना अजून?" मध्येच त्याने विचारलं.

"आहे की."

"नाही... अंधारात गप्प बसलेलं माणूस आणि निघून गेलेलं माणूस सारखंच वाटतं."

"जाताना सांगून जाईन," ती म्हणाली. आपला आवाज इतका मऊ कसा आला, याचं तिलाच नवल वाटलं.

त्यानंतर ती जवळजवळ रोज जाऊ लागली. कशाला त्याचे हात लागतात आणि कशाला नुसती नजर, हे तिने खोदून खोदून विचारलं. सांधे घट्ट करून पुसून घेणं पत्रे बसवणाऱ्यांना जमण्यासारखं होतं. त्याने शेवटी एकदा नजर टाकली की पुरे. ध्वनियंत्रणेच्या कामाला पुढे भरपूर सवड होती. ते पुढे ढकललं तरी उद्घाटनाची तारीख हलत नव्हती. अंधाराचे सगळे दिवस तिने सलग त्याला दिले.

तो तिच्या टेबलाशी आला तेव्हा पडद्यावर एकही लाल नाव नव्हतं. तो वाकून एकेक पट्टी वाचत गेला.

"हे तुम्ही जुळवलंत?"

"तुम्ही तारे जुळवता, तसंच थोडंफार," ती म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली.

"थोडंफार नाही." त्याने पडद्यावरून नजर काढून तिच्यावर ठेवली. "तारे एका जागी थांबतात तरी. तुम्ही माणसं जुळवता."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "हो बाबा... येतो. पुढच्या आठवड्यात नक्की... नाही, या वेळी खरंच." फोन ठेवून तो ओशाळं हसला. त्याचे वडील लांबच्या गावी एकटेच राहत होते आणि हा पुढचा आठवडा गेल्या वर्षापासून यायचा राहिला होता.

काम ठरल्याआधीच आटोपायला लागलं. सगळे खूश होते. मग त्याच्या कंपनीच्या साहेबांचा तिला फोन आला.

"आमचा माणूस तुमच्याकडून लवकर मोकळा होतोय असं दिसतंय. छान केलंत. लगेच समुद्राकाठच्या आमच्या दुसऱ्या कामावर पाठवतो त्याला. तिथे सहा महिने तरी जातील."

तिने "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग कितीतरी वेळ ती त्याच्या शेवटच्या पट्टीकडे बघत राहिली. इतक्या हौसेने तिने ती आखूड केली होती.

घरी वहिनीच्या नजरेतून काही सुटलं नाही. "जेवणात लक्ष नाही, बोलण्यात नाही. तारेवाला चाललाय वाटतं?"

"वहिनी, तुला कोणी सांगितलं?"

"गेला महिनाभर तूच सांगतेयस. आज त्याने हे केलं, आज तो हे म्हणाला." वहिनी जवळ सरकली. "अगं, एखादी पट्टी लांबव की. शिकवण्याचं काम जरा जास्त दिवस चालू दे. कोणाला कळणार आहे?"

"त्याला कळेल."

"तो काय तक्रार करणारेय?"

"नाही करणार, म्हणूनच नको," ती म्हणाली. "त्याच्या होकारावर सगळेच ताव मारतात. मी पण तेच करू?"

वहिनीने तिच्या पाठीवरून हात फिरवून पोळी वाढली.

सकाळी तिने स्वतःहून साहेबांना फोन लावला. माणूस त्याच तारखेला मोकळा होईल, ती म्हणाली, पण त्याची साठलेली रजा तो आधी घेईल. तसं पत्र तिच्या कंपनीकडूनही येईल, आणि समुद्राकाठच्या कामाची आखणी तिने मागवून पाहिली आहे, त्याच्या वाटचं काम तिथे इतक्यात सुरूच होत नाही. साहेब कुरकुरले, त्यांनी आवाज चढवला. ती घाबरली होती, पण हटली नाही. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. एवढं भांडायला तो तुमचा कोण लागतो?"

"अजून कोणी नाही," ती बोलून गेली आणि जीभ चावली.

निघायच्या दिवशी तो तिच्या दाराशी आला. साहेबांशी काय बोलणं झालं ते त्याच्या कानावर गेलं होतं. किती, ते मात्र चेहऱ्यावरून कळेना.

"माझ्यासाठी आजवर कोणी रजा मागितली नव्हती. मीसुद्धा नाही."

"बाबांना भेटा. आरामात या," ती म्हणाली. रजेनंतर त्याला जायचं होतं ते समुद्राकाठी, इकडे नव्हे, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि नुसतं "येतो" म्हणून निघून गेला.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. घुमट पोरांनी गच्च भरला. दिवे मालवले, पहिला तारा उगवला आणि आतून एक मोठा "आऽऽ" उठला. ती बाहेरच्या बोळात उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हे ऐकायला तो असायला हवा होता.

"चांगलं जुळलंय, नाही?" मागून आवाज आला.

ती वळली. तोच होता, खांद्याला बॅग, केस पावसाने चप्प.

"तुमचं काम तर... दुसऱ्या दिशेला आहे."

"हो. वाट वाकडी केली."

"बाबा कसे आहेत?"

"मजेत. मी मात्र त्यांना पिडलं." तो बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत होता. "रोज तुमच्याबद्दलच बोलत होतो. शेवटी त्यांनी विचारलं, ती मुलगी काय म्हणते? म्हटलं, मी तिला अजून विचारलंच नाही. तर म्हणाले, मग इथे काय बसलायस?"

ती हसली. "मग विचार ना."

तिच्या तोंडून 'तुम्ही' कधी गळलं हे तिला कळलं नाही. त्याला कळलं. त्याने बॅग खाली ठेवली. समुद्राकाठी सहा महिने आहेत, तो म्हणाला, मध्ये लांबचा प्रवास आहे, वेळेचा हिशोब मला कधी जमला नाही... आणि तरीही तू मला हवी आहेस. चालेल का?

"चालेल," ती म्हणाली. "मला तू कधीपासून हवा आहेस."

तेवढ्यात दारं उघडली आणि पोरांचा लोंढा बोळात घुसला. दोघांना भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं. कोणाचा डबा त्याच्या पायावर पडला, कोणी तिची ओढणी ओढून गेलं. सगळी पोरं एकदम बोलत होती आणि सगळी ताऱ्यांबद्दलच बोलत होती. तो कान देऊन ऐकत होता. त्याचा हात तिने घट्ट धरला होता, आणि बोळ रिकामा झाल्यावरही सोडला नाही.