आठ दिवसांसाठी दिलेलं पुस्तक

बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, बबलू दारव्ह्यातल्या अब्दुल गनींच्या पुस्तकांच्या दुकानात शिरला, तो हातात एक सुकी शेंग घेऊन.

"मॅडम, झाडं ओळखायचं चांगलं पुस्तक आहे का? हे झाड कोणतं, तेच कळून नाही राह्यलं."

काउंटरवर त्यांची मुलगी गझाला होती. वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन दुकानात बसलेली आणि जिभेची जरा तिखट. तिनं शेंगेकडं पाहिलं, मग त्याच्याकडं... आणि उगाचच पुन्हा शेंगेकडं.

"शिरीष," तिनं शेंग कानाशी खुळखुळवली. "आन् झाडं ओळखून काय कराचं तुम्हाले?"

"तीन महिन्यांचं काम भेटलं, घाटंजीकडच्या गावात झाडांची यादी कराचं. आमच्या बंजारा तांड्यावरची नावं येतेत सारी. फॉर्मवरची नाही येत."

त्यानं सगळ्यात चकचकीत पुस्तक उचललं. गझालानं ते हातातून काढूनच घेतलं.

"हे फुलांच्या रंगावर लावलं आहे. फुलं नसली मंग काय करसान? साल, पान, फळ, तिन्ही दाखवते ते घ्या. आन् घ्यायच्या आधी ओळखीचं झाड त्यात काढून पाहा. ओळखीच्यातच चुकलं, तर अनोळखीचं काय खाक सांगन?"

त्यानं तिनं दिलेल्या पुस्तकात पळस काढला. तीन-तीन पानं बरोबर, सालही बरोबर.

"आमच्यात याले केसुला म्हणतेत," तो म्हणाला.

"केसुला..." तिनं हळूच म्हणून पाहिलं. तो बघतच राहिला.

महागड्या पुस्तकांना अब्दुल गनींचा एक नियम होता. आठ दिवस घरी न्या, पाहा. पसंत पडलं की पहिल्या पानावर नाव टाका, मग पैसे द्या. नाही तर परत आणा. बबलूनं पुस्तक नेलं आणि पुढच्या बाजारी हात हलवत आला.

"अजून ठरत नाही जी."

"मंग आणखी आठ दिवस ठेवा," ती म्हणाली, आणि हसू लपवायला खाली वाकून खोके आवरू लागली.

असे किती बाजार गेले! तो पानं आणायचा, ती नावं सांगायची. 'मॅडम'ची कधी गझाला झाली, दोघांनाही कळलं नाही. अब्दुल गनी कुरकुरत, "एवढा टाइम तर पोरगी पाहाले लागत नाही!" एकदा तिनं पेनच पुढं केलं, "टाक ना नाव." तो हसला. "घाई कायची?"

घाई होती. पुसदहून तिला बघायला माणसं येणार होती.

"बबलू, तुले मी पाहिजे का नाही? सरळ सांग."

"पाहिजे," तो लगेच म्हणाला. "पुढच्या बाजारी येतो. चाचांशी बोलतो."

त्या एका शब्दावर गझालानं घरी सगळं सांगून टाकलं. अम्मी, जोहराबी, रडली. अब्बा दोन दिवस बोलले नाहीत. मग जेवता जेवता म्हणाले, "बंजाऱ्याचा आहे... ठीक. येऊ दे. मी ऐकून घेईन."

बाजाराच्या दिवशी अब्बा धुतलेला कुर्ता घालून गल्ल्यावर बसले. पळस फुलले होते. गझाला तीच पुस्तकं पुन्हा पुन्हा रचत होती.

बबलू आला. त्यानं पुस्तक काउंटरवर ठेवलं.

"चाचा, माहं काम संपलं. पुस्तक परत करतो."

"एवढंच, बेटा?" अब्बांनी विचारलं.

तो खाली बघत राहिला. "घरी... माय ऐकत नाही. एवढंच."

गझालानं पुस्तक उघडलं. पानांना चिकाचे डाग, शिवण ढिली, कोपरे मुडपलेले. तीन महिने मनसोक्त वापरलं होतं त्यानं. पहिलं पान तेवढं कोरं.

अब्बांचा आवाज चढला, "असं वापरलेलं आम्ही..."

"घ्या परत, अब्बा," ती म्हणाली. "जाऊ द्या त्याले."

तो गेला. तिला ओरडून रडावंसं वाटलं. पण दारात गिऱ्हाईक उभं होतं. शाळेतल्या बाई, झाडांचंच पुस्तक मागत होत्या. गझालानं नवं काढलं, साल-पान-फळवालं.

"आठ दिवस नेऊन पाहू का गं?"

"नाही बाई," ती म्हणाली. "पाहायचं ते इथंच पाहून घ्या. घरी नेऊ द्यायचं आम्ही बंद केलं."

अब्बांनी मान वर केली. मग परत आलेलं पुस्तक उचलून गल्ल्याखाली ठेवलं.