अजून नाही

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण मी तिथे होतो.

चोवीस डिसेंबर, अठराशे छप्पन्न. भरदुपार. व्हर्जिनियातलं आमचं खोरं.

लोखंडाची भट्टी खाली ओढ्याकाठी. तिला लागणारा कोळसा आम्ही वर जंगलात पाडायचो. आम्ही म्हणजे वर्षाच्या कराराने भाड्याने आणलेले गुलाम. भाडं मालकाला, कष्ट आमचे. नाताळला करार संपला की आठवडाभर घरी.

लाकडं रचायची, वर पाला-माती लिंपायची, आत धुमसू द्यायचं. रोज ढिगावर चढून उड्या मारायच्या. कुठे पोकळ लागलं की तिथे माती टाकायची. हवा शिरली तर सगळ्याची राख.

ऑक्टोबरात अशीच उडी मारताना बुकर आत गेला. माझा जोडीदार. एका तव्यातली मक्याची भाकरी खायचो आम्ही.

मुकादम टॉलिव्हर ओरडला, "आधी भोक बुजव. ढीग पेटेल."

माती मीच टाकली.

पुढे त्याच जागेवर नवा ढीग रचला.

त्या दुपारी मुकादम आला. "गार्लंड, संध्याकाळपर्यंत ढीग शाबूत राहिला तर तुझ्या घरी जायच्या चिठ्ठीवर सही करतो. पेटला तर नाताळ इथेच. बायको फार आठवण काढते म्हणे तुझी?"

"माझी कुठली, साहेब. लाकडं फोडायला कुणी नाही म्हणून काढते."

तो हसत गेला. माझा जीव टांगणीला लागला होता. एक जानेवारीला माझ्या बायकोचा, केझायाचा, मालक तिला दुसरीकडे पाठवणार होता. कुठे, ते तिच्या तोंडून कळलं नाही तर मी तिला कुठे शोधणार होतो?

ढिगावर चढलो. उडी मारली. धप्प.

खालून... धप्प.

मी हललोही नाही. तरी खालून पुन्हा... धप्प.

"गार्लंड... नाताळ आला का रे?"

आवाज त्याचाच. दमलेला.

"आला असेल तर निघतो बाबा. भरलं माझं वर्ष."

पायाखालची माती वर उचलली जायला लागली. फटीतून धूर आला... बुकर बाहेर आला असता तर ढीग फुटला असता. चिठ्ठी गेली असती. केझाया गेली असती.

"अजून नाही," मी म्हणालो. "पडून राहा तू."

"बरं. सांगशील ना?"

"सांगतो."

माती खाली बसली.

मी घरी गेलो. केझाया भेटली. आत्ता इथेच चवळी निवडत बसलीय. म्हणते, कशाला सांगतोस हे लोकांना.

युद्ध झालं, गुलामी गेली, भट्टी थंड पडली. तरी चाळीस वर्षं माझी हिंमत झाली नाही. मग एका दुपारी काठी टेकत वर गेलो. जागा सपाट, काळी. गवताची काडी नाही.

"बुकर, ऊठ. कितीतरी नाताळ येऊन गेले. आता कुणाचा करार नाही. जा घरी."

काठी जमिनीवर आपटली.

मग पायाखालून तोच दमलेला आवाज.

"कोण म्हातारबा आहात? थट्टा नका करू. गार्लंड सांगणार आहे मला."

"अरे, मीच गार्लंड."

"त्याचा आवाज ओळखतो मी. तो खोटं नाही बोलत. अजून नाही म्हणालाय."

दर नाताळला जातो. घसा बसेपर्यंत सांगतो. तो हेच म्हणतो.

यंदा गुडघे चढ चढू देत नाहीत. माझं त्याला पटत नाही, आणि दुसऱ्या कुणाचं तो ऐकायचा नाही.