चौदाशे वर्षांची सवड

नीरव ग्रहावरच्या प्रयोगशाळेत कालिंदी पोतनीसने अहवालाची शेवटची ओळ लिहिली : ‘जीवसृष्टी आढळली नाही.’ सही मात्र तिच्या हातून होईना. माणसाने परक्या जिवाचा शोध सुरू केला त्याला नऊ हजार वर्षं होत आली होती. तीन हजार चारशे ग्रह धुंडाळून झाले होते आणि यादीत उरलेला हा शेवटचा. तिच्या एका सहीने तो शोध थांबणार होता.

खिडकीबाहेर, उणे एकशे ऐंशी अंशांच्या थंडीत, द्रव मिथेनच्या तळ्याकाठी मेणासारखे एक्केचाळीस खांब उभे होते. महिन्यापूर्वी तिनेच त्यांतल्या एकाला भोक पाडून हातभर लांबीचा गाभा काढला होता. तेवढ्याच थंडीच्या गोठणकक्षात ठेवून तो महिनाभर तपासला, पण त्यात काहीही हललं नाही. तरी एक गोष्ट तिला खटकत होती. खांब झुकलेले होते आणि तेही वाऱ्याच्या दिशेने नव्हे.

पूर्वजांनी पाठवलेला एक मानवरहित उपग्रह आठ हजार वर्षं या दरीचं दरवर्षी एक छायाचित्र घेत आला होता. ज्यांनी ज्यांनी ती चित्रं चाळली त्यांनी ‘बदल नाही’ असाच शेरा मारला होता. कालिंदीने ती सगळी सलग जोडली. पाच मिनिटांची फीत तयार झाली. ती पाहून कालिंदी धावतच मोहीमप्रमुख विश्राम घारपुरे यांच्याकडे गेली.

“सर, आवराआवर थांबवा. आधी हे बघा.”

पडद्यावर खांब हलत होते. शेजारच्या खांबाकडे वाकत, टोकाला टोक लावत, पुन्हा दूर होत. दोन उंच खांब मधल्या बुटक्या खांबावर ओणवे झाले आणि तसेच राहिले. विश्राम उठून उभे राहिले.

“जिवंत आहेत,” ते पुटपुटले. “मग आपल्या तपासणीत काहीच कसं दिसलं नाही?”

“कारण या थंडीत रासायनिक क्रिया अतिशय मंद चालतात. आपला महिना म्हणजे त्यांच्या लेखी पापणी लवण्याइतकाही वेळ नाही. आता डावीकडचा खांब बघा. कड्यावरून दगड सुटून त्याच्या पायावर आदळला. आणि आत्ता, जवळजवळ मिनिटभराने, तो अंग चोरतोय, दिसलं? त्या दोन चित्रांमध्ये चौदाशे वर्षं आहेत.”

विश्राम खाली बसले. “म्हणजे आपण मृत ठरवून सोडून दिलेले ते सगळे ग्रह...”

“तिथे आपण किती दिवस थांबलो होतो, सर?”

फीत संपली होती. कालिंदीचा चेहरा एकाएकी पांढरा पडला.

“सर, मी पाडलेलं भोक.”

“त्याचं काय?”

“त्याला अजून दुखलेलं नाही. दुखेल, चौदाशे वर्षांनी.”

तासाभरात दोघं पोशाख चढवून दरीत उतरले. गोठणकक्षातला गाभा कालिंदीने दोन्ही हातांत तान्ह्या मुलासारखा धरला होता. खांबापाशी गुडघ्यांवर बसून तिने कापाच्या रेषा जुळवल्या आणि गाभा तसूतसूने आत सरकवला. मिथेनचे थेंब फटीत शिरले आणि फट बुजली.

“सांधेल?” विश्रामनी विचारलं.

“ठाऊक नाही. पण आपल्याकडे वेळ आहे. दर काही वर्षांनी कुणीतरी येऊन बघू शकेल, चुकलं असेल तर दुरुस्त करू शकेल. कळ पोचायच्या आत जखम भरली पाहिजे, एवढंच.”

विश्रामनी मान वर करून खांबाच्या टोकाकडे पाहिलं. “चाळीस वर्षं मी एकाच आशेवर काढली, कालिंदी. कुणीतरी भेटेल आणि माणूस आला हे त्याला कळेल.”

“आणि आता?”

“आता आपण येऊन गेलो हे यांना कधीच कळू नये.”

दोघं परत निघाले. खांबांना त्यांची एवढीशीही चाहूल लागणार नव्हती, तरी चढावर पोचेपर्यंत दोघंही पाऊल न वाजवता चालत राहिले.